दार बंद, सरासरी धरली

सुनेच्या मैत्रिणीचे डोळे आले ही बातमी मंगळवारी सकाळी फोनवरून आली आणि ती ऐकून सून स्वयंपाकघरात होती तिथेच मटकन खाली बसली. सासूबाईंना आधी वाटलं, मैत्रीण गेलीच. नुसते डोळे आलेत म्हटल्यावर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"अगं मग रडतेस काय? आठ दिवसांत बरे होतात डोळे."

"आठ दिवसच नाहीत ना आई माझ्याकडे! सोमवारी आकडा द्यायचाय."

हा आकडा काय प्रकार आहे ते घरात नवरा सोडून कोणालाच नीट माहीत नव्हतं, आणि त्याला सून स्वतःच जबाबदार होती. तीन वर्षांपूर्वी तिने विद्यापीठात संशोधन सुरू केलं तेव्हा विषयाचं नाव घरी सांगताना तिने अर्धंच सांगितलं होतं. 'आरोग्य आणि माध्यमं' एवढं सासू-सासऱ्यांच्या कानांवर पोचलं. पूर्ण नावात लैंगिकता होती, शरीरसंबंध होते आणि मोबाइलवर बघायच्या मालिका होत्या, आणि ते जेवणाच्या टेबलावर वरण वाढता वाढता सांगण्यासारखं तिला वाटलं नव्हतं. सासूबाईंनी नातेवाइकांत "आमची सून आरोग्यावर डॉक्टर होतेय" असं जाहीर करून टाकलं. तेव्हापासून सगळं गणगोत तिला फोन करून गुडघेदुखीवर उपाय विचारत असे, आणि तीही बिचारी गरम पाण्याने शेका म्हणून सांगत असे.

प्रत्यक्षात तिने या तीन वर्षांत निरनिराळ्या मालिकांमधले चारशेऐंशी प्रसंग बघितले होते. प्रसंग म्हणजे नायक-नायिका एका खोलीत येतात आणि मागे संथ संगीत सुरू होतं, ते. प्रत्येक प्रसंगाला एक तक्ता. दोघांनी एकमेकांना विचारलं का, सुरक्षेचं साधन दिसलं का, कोणी नको म्हटलं तर ऐकलं गेलं का, असे सात रकाने. होय असेल तर एक, नाही असेल तर शून्य. शेवटचा, सातवा रकाना होता 'पुढेमागे डॉक्टरशी कोणी बोललं का'. आता नियम असा, की यातले एकशेवीस प्रसंग दुसऱ्या कोणीतरी स्वतंत्रपणे बघून तेच तक्ते भरायचे आणि शंभरात निदान ऐंशी तक्ते दोघांचे तंतोतंत जुळायला हवेत. नाही जुळले, तर सुनेने आपल्या मनासारखं लिहिलंय असा अर्थ. सोमवारी जुळणीचा आकडा गेला नाही तर तिची नोंदणी रद्द, आणि तीन वर्षं पाण्यात.

ते दुसरं माणूस म्हणजे ही डोळे आलेली मैत्रीण. नवऱ्याला बसवता येत नव्हतं, कारण निष्कर्ष ज्याला माहीत आहेत तो चालत नाही, आणि नवऱ्याने प्रबंधाचं पान न् पान तपासलं होतं. शिवाय एकदा गंमत म्हणून तिने त्याला एक प्रसंग दाखवला होता, तेव्हा तो त्याने उशीआडून बघितला होता.

"काय काम असतं?" सासऱ्यांनी पेपरच्या मागून विचारलं.

सासऱ्यांचं विचारणं म्हणजे जिन्यातून दिलेली हाळीच असायची. बत्तीस वर्षं ते पाणीपुरवठा खात्यात मीटर रीडर होते. "पाणीमीटर!" ही हाक तळमजल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत पोचवायची असल्यामुळे त्यांचा आवाज तरुणपणी जो वर गेला, तो निवृत्त झाल्यावरही खाली उतरला नाही. देवळात असोत की दवाखान्यात, ते कुजबुजले तरी बाहेर चपलांपाशी ऐकू यायचं.

"काही नाही बाबा," सून डोळे पुसत म्हणाली, "बघायचं आणि लिहायचं."

"आणि?"

"आणि काही नाही. स्वतःचं डोकं चालवायचं नाही, जे दिसेल तेच लिहायचं."

पेपर खाली आला. "म्हणजे रीडिंगच की! एकशेवीस ना? मी दिवसाला दोनशे करायचो, तेही जिने चढून."

"नाही बाबा, ते तसं नाही. त्यात... माणसं असतात."

"माणसं सगळ्याच घरांत असतात. आपण मीटर बघायचा, घर बघायचं नाही."

"पण ती माणसं घरात एकटी असतात. म्हणजे दोघं असतात. एकटी दोघं."

"मग लवकर होईल," सासरे म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

संध्याकाळी नवऱ्याने हे ऐकलं तेव्हा त्याने चहा खाली ठेवला. "तू माझ्या वडलांना ते दाखवणार?"

"तू दुसरं माणूस आणून दे."

नवऱ्याने मनातल्या मनात सगळे नातेवाईक, शेजारी आणि ऑफिसातले सहकारी धुंडाळले. मग तो म्हणाला, "मी उद्यापासून जरा उशिरा घरी येतो."

बुधवारी सकाळी मागच्या खोलीत टेबल मांडलं गेलं. सासरे नोकरीला निघाल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून आले. कानामागे पेन्सिल, समोर तक्त्यांचा गठ्ठा. सुनेने पहिला प्रसंग लावून दिला आणि ती त्यांच्या मागे उभी राहून छताच्या पंख्याकडे बघत राहिली. मिनिटभराने संगीत थांबलं.

"हे भाडेकरू आहेत का?" सासऱ्यांनी विचारलं.

"कोण?"

"हे दोघं. घरात एक भांडं दिसत नाही. पलंग मात्र केवढा!"

"बाबा, मीटर."

"हो हो, मीटर." त्यांनी पेन्सिल काढली. "विचारलं का, नाही. साधन, नाही. नको म्हटलं का, नाही. बरोबर? नाही, तू सांगू नकोस, तू बाहेर जा. रीडिंगच्या वेळी मालकाने मीटरपाशी उभं राहायचं नाही, नाहीतर उद्या लोक म्हणतील, संगनमत झालं."

सून बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते, पण छातीवरचं ओझं बरंच कमी झालं होतं. सासऱ्यांनी ना मान वळवली, ना घसा खाकरला, ना 'काय हे आजकालचं' असं म्हटलं. बत्तीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत, न्हाणीघरांत आणि भांडणांच्या मधोमध उभं राहून त्यांनी फक्त आकडे टिपले होते. कुठल्या घरात काय पाहिलं ते त्यांनी सासूबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याबद्दल सासूबाईंची तक्रार अजून मिटलेली नव्हती.

अडचण आली ती गुरुवारी. सासूबाई घरी शिवणकाम करायच्या. बाहेरच्या खोलीत त्यांचं मशीन होतं आणि त्या दुपारी कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आपला नवा पांढरा कोट अंगावर बघायला आल्या होत्या. एकच बाही लागलेला कोट घालून, हात पसरून त्या खोलीच्या मध्यभागी उभ्या होत्या. सासूबाईंच्या तोंडात सहा टाचण्या होत्या. मागच्या खोलीत सासऱ्यांच्या कानांवर हेडफोन होते, आणि कानांवर हेडफोन असले की माणूस एरवीपेक्षाही मोठ्याने बोलतो.

"सूनबाई! एकतीस नंबर! त्याने विचारलं, तिने उत्तर दिलं नाही, नुसता दिवा मालवला! दिवा मालवणं म्हणजे होकार धरायचा का?"

डॉक्टरीणबाईंचा पसरलेला हात हळूच खाली आला. सासूबाईंना टाचण्यांमुळे काही बोलता येईना. सून स्वयंपाकघरातून धावत मागच्या खोलीत गेली.

"बाबा, हळू!"

"काय?"

"हळू! जरा हळू!"

"हळूच चाललंय, अजून एकोणनव्वद राहिलेत! आणि मला हे सांग, यातलं कोणी डॉक्टरकडे कसं जात नाही? एकतीस झाले, एकतीस शून्यं! इतकी धावपळ करतात, एकाला तरी काही होत असेल की!"

बाहेर डॉक्टरीणबाईंनी मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"काका बघतायत काय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सासूबाईंनी एकेक करून सहाही टाचण्या तोंडातून काढल्या, उशीत खोचल्या आणि म्हणाल्या, "आरोग्य."

एवढ्यात सासरे हेडफोन गळ्यात अडकवून बाहेर आले. डॉक्टरीणबाईंना नमस्कार करून बाथरूममध्ये गेले, परत आले, पुन्हा नमस्कार केला आणि आत गेले. कोटाची दुसरी बाही लागेपर्यंत ते आणखी दोनदा असेच आले आणि गेले. तिसऱ्या नमस्काराला डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघितलं.

"काका, किती दिवस चाललंय हे?"

"कालपासून. एकशेवीस करायचेत."

"ते नाही. हे." त्यांनी बाथरूमच्या दाराकडे मान हलवली.

"पाणी जास्त पितो मी," सासरे म्हणाले आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. ज्याने बत्तीस वर्षं पाणीखात्यात काढली त्याला पाण्यावरून कोण काय बोलणार? डॉक्टरीणबाईंनी फक्त सासूबाईंकडे बघितलं आणि सासूबाईंनी कोटाची शिवण निरखून बघितली.

कोट घेऊन डॉक्टरीणबाई गेल्या, तशी सासूबाईंनी सुनेला समोर बसवलं. "आता खरं सांग. आत काय चाललंय?"

सुनेने सगळं सांगून टाकलं. विषयाचं पूर्ण नाव सांगितलं, चारशेऐंशी प्रसंग सांगितले, सात रकाने सांगितले. लोक हल्ली हे सगळं पडद्यावरच शिकतात, आणि पडदा त्यांना धोक्याचं, काळजीचं, औषधपाण्याचं काही सांगतच नाही, हेही सांगितलं. बोलणं संपल्यावर सासूबाईंनी मशीनवरचा धाग्याचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळला.

"तीन वर्षं हे तू एकटी बघत होतीस?"

"हो."

"आणि आम्ही तुला गुडघे विचारत होतो."

सुनेला हसू आणि रडू एकदमच आलं. "कसं सांगणार होते आई मी?"

"ते ओरडून सांगतायत तसं नको. पण सांगायचं," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ती एकतीस नंबरवाली... तिने दिवा का मालवला?"

"ते तुम्हाला सांगता येणार नाही आई. बाबांचे तक्ते पूर्ण होईपर्यंत चर्चा करायची नसते."

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या काज-बटणांचं काम घेऊन मागच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसू लागल्या. आत यायला सासऱ्यांनी त्यांना मनाई केली होती, पण उंबऱ्यावरून संगीत ऐकू येत असे.

शनिवारी दुपारी काम पुरं झालं. एकशेवीस तक्ते, प्रत्येकाखाली तारीख, वेळ आणि सही. गठ्ठा सुतळीने बांधलेला. सासऱ्यांनी तो सुनेच्या हातात दिला तेव्हा निवृत्तीच्या दिवशीही दिसलं नव्हतं इतकं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "एकही खाडाखोड नाही," ते म्हणाले. "तपासून घे."

रविवारी नवरा घरीच होता. आता धोका टळलाय असं समजून त्याने तक्ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम अंगावर घेतलं. सकाळभर तो टकटक करत होता. दोन-तीनदा त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण वडलांचं अक्षर बघून जे लिहिलंय ते जसंच्या तसं भरत गेला. चारच्या सुमाराला त्याने बटण दाबलं. सगळे त्याच्या खुर्चीमागे उभे होते.

पडद्यावर आकडा आला. सहासष्ट.

"ऐंशी पाहिजे होते ना?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेने एकेक तक्ता उलटायला सुरुवात केली. पहिले दहा तिच्या तक्त्यांशी छान जुळत होते. अकरावा हातात आला आणि ती थांबली. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'दा. बं.' असं लिहिलेलं होतं आणि खाली पहिल्या रकान्यात शून्य पूर्णांक तेहतीस.

"बाबा, हे काय आहे?"

"दार बंद."

"कुठलं दार?"

"त्यांचं. दोघं आत गेले आणि दार लावलं. पुढे नुसतं दारच दाखवत होते. आत काय झालं ते मला काय ठाऊक? दार बंद असलं की मागच्या तीन रीडिंगची सरासरी धरायची. खात्याचा नियम आहे."

"सरासरी," सून पुटपुटली.

"काही ठिकाणी दार नसतं, खिडकीचा पडदा दाखवतात. एका ठिकाणी मेणबत्ती दाखवत होते, ती विझेपर्यंत. ते सगळं दार बंदमध्येच घेतलंय."

"पण बाबा, विचारलं का याचं उत्तर शून्य पूर्णांक तेहतीस कसं असेल? एक तृतीयांश विचारतात का कोणी?"

"सरासरी आहे ती! पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष रीडिंग झालं की आपोआप दुरुस्त होते."

"यांचा पुढचा महिना नसतो बाबा!" नवरा खुर्चीतून ओरडला. "ती मालिका आहे!"

मोजल्यावर असे चौतीस तक्ते निघाले. चौतीसच्या चौतीस सुनेच्या तक्त्यांशी न जुळणारे. गंमत एवढीच, की डॉक्टरच्या रकान्यात सरासरीसुद्धा शून्यच आली होती. पण त्या वेळी कोणाला गंमत सुचत नव्हती. प्रसंग पुन्हा दुसऱ्या कोणाकडून बघून घ्यायला ना माणूस होता ना वेळ. सासरे हळूहळू पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी एकदा गठ्ठ्याकडे बघितलं, एकदा सुनेकडे, आणि मग त्या घरात कोणी कधी ऐकला नव्हता इतक्या खालच्या आवाजात विचारलं, "माझ्यामुळे बुडालं का गं तुझं?"

"नाही हो बाबा," सून म्हणाली. तिला वाटत होतं की बुडालं. पण ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणवेना. तिला त्या माणसाचा राग यायला हवा होता आणि माया येत होती. इस्त्रीचा शर्ट घालून चार दिवस हा माणूस तिच्यासाठी टेबलाशी बसला होता, आणि जे दिसलं नाही ते दिसलं म्हणून त्याने एकदाही लिहिलं नव्हतं.

सोमवारी ती गठ्ठा घेऊन मार्गदर्शक मॅडमसमोर उभी राहिली. या मॅडमचा एक चष्मा नाकावर आणि दुसरा केसांत असायचा, आणि दोन्ही चष्म्यांची विद्यार्थ्यांना सारखीच धास्ती होती. त्यांनी आकडा बघितला, मग तक्ते बघायला सुरुवात केली. वाचता वाचता त्यांनी नाकावरचा चष्मा काढून केसांतला लावला.

"हे दा. बं. काय आहे?"

सुनेने खाली मान घालून सांगितलं. मीटर रीडर, खात्याचा नियम, सरासरी, मेणबत्ती, सगळं. मॅडमच्या खांद्यांची हालचाल झाली. त्या हसत होत्या की काय, ते बघायला मान वर करायचा तिला धीर होईना.

"बरं. या चौतीस ठिकाणी तू काय लिहिलंयस?"

"शून्य."

"सगळीकडे?"

"काही दिसलंच नाही, म्हणून..."

"दिसलं नाही आणि झालं नाही, हे एकच का?"

सुनेने मान वर केली.

"तू तीन वर्षं शिकतेस, तुला हा फरक कळला नाही. त्यांना पहिल्याच दिवशी कळला," मॅडम म्हणाल्या. "सरासरीचा प्रकार भयंकर आहे, ती सगळी खोडून टाक. पण हे चौतीस वेगळे काढ आणि उरलेले शहाऐंशी जुळव."

नवऱ्याला फोन केला. त्याने ऑफिसात बसून हिशोब केला आणि उलट फोन केला. शहाऐंशीतले एकोणऐंशी तक्ते जुळत होते. शंभरात ब्याण्णव.

"आकडा आज जाईल, कारणासकट," मॅडमनी सही करत सांगितलं. "आणि प्रबंध द्यायला अजून दोन महिने आहेत तुझ्याकडे. चारशेऐंशीच्या चारशेऐंशी पुन्हा बघ आणि दार कुठे कुठे बंद होतं ते काढ. मला वाटतं, नेमकी काही विचारायची, सांगायची वेळ आली की बंद होतंय. नवं प्रकरण होईल हे. ते दोन चष्मे लावून मलाही सुचलं नव्हतं." गठ्ठा परत देताना त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी माझ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला दुसरा माणूस लागणार आहे. सासरे मोकळे आहेत का?"

ही हकिगत घरी सांगून झाली तेव्हा सासऱ्यांची छाती पुन्हा पूर्वीच्या मापाची झाली. आवाजही जागेवर आला. "मी म्हटलंच होतं!" ते म्हणाले, जरी त्यांनी काहीच म्हटलेलं नव्हतं. "जे दिसत नाही ते शून्य लिहायचं नसतं! शून्य लिहिलं की साहेब म्हणतो, इथे पाणीच नाही, आणि आत नळ धो धो वाहत असतो!"

सासूबाई मशीनशी बसल्या होत्या. त्यांनी खणातून आपली मापांची वही काढली. मागची पानं उघडून ती त्यांनी टेबलावर ठेवली. पानोपानी पेन्सिलीच्या रेघा होत्या, पाचपाचाच्या जुड्या बांधलेल्या.

"हे काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"रीडिंग. तुम्ही दिवसात किती वेळा उठता त्याचं. चार महिने झाले. विचारलं की म्हणायचं पाणी जास्त पितो, आणि दार लावून घ्यायचं." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "दा. बं."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? आत्ताच सांगत होतात ना, आत नळ वाहत असतो म्हणून?"

नवऱ्याने मोबाइलमध्ये डोकं घातलं. सासरे वहीकडे बघत राहिले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरची नोंद ठेवणाऱ्या माणसाला आपलीही कोणी ठेवत असेल हे सुचलं नव्हतं. सून त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"बाबा, सातव्या रकान्यात तुम्हाला एक तरी 'हो' सापडला का?"

"नाही."

"मलाही नाही. चारशेऐंशीत एक नाही."

"एकसुद्धा नाही?"

"एकसुद्धा नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "इतक्या घरांत सरसकट शून्य कधी येत नसतं," ते म्हणाले. "आलं, तर समजायचं मीटर बंद आहे." एवढं बोलून ते उठले आणि चपला शोधायला लागले.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात संध्याकाळी बरीच गर्दी होती. सासूबाई आणि सून बाकावर बसल्या. पलीकडे मफलर गुंडाळलेले एक आजोबा होते, त्यांनी नावनोंदणीच्या खिडकीतल्या बाईकडे खोकला म्हणून नाव नोंदवलं होतं आणि आल्यापासून एकदाही खोकले नव्हते. सासऱ्यांचा नंबर आला. ते आत गेले, दार लागलं, आणि सासूबाईंनी सुनेचा हात घट्ट धरला.

नव्या पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरीणबाई आत काय विचारत होत्या ते कोणाला ऐकू येत नव्हतं. उत्तरं मात्र रस्त्यापर्यंत जात होती.

"दिवसा आठ! रात्री चार! नाही, सरासरी नाही, प्रत्यक्ष! बायकोकडे वही आहे!"

बाकावरची सगळी माणसं भिंतीवरच्या जंतांच्या तक्त्याकडे बघू लागली.

"चार महिने झाले! ...हो, थांबून थांबून! ...आधी का नाही आलो? लाज वाटली, दुसरं काय!"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले होते, पण हात सोडला नव्हता. मग पुन्हा आवाज आला.

"आणि आलोच आहे तर त्या दुसऱ्या बाबतीतही एक विचारायचं होतं!"

खिडकीतली बाई लिहायची थांबली. आणि काय आश्चर्य, बत्तीस वर्षं वर गेलेला तो आवाज तिथून एकदम खाली आला, इतका, की दाराला कान लावूनही काही कळलं नसतं. नुसती कुजबुज येत राहिली, एकदा त्यांची, एकदा डॉक्टरीणबाईंची. सुनेने हळूच सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांच्या गालांवर सुनेने आजवर न पाहिलेला रंग आला होता.

सुनेने पर्समधून डायरी काढली. पान उघडून तिने सात रकाने आखले, पहिले सहा मोकळे सोडले आणि सातव्यात ठळक एक लिहिला. प्रबंधात हा कुठेच जाणार नव्हता, हे तिला माहीत होतं. तरी तिने तो दोनदा गिरवला.

तेवढ्यात मफलरवाले आजोबा उठले. इकडेतिकडे बघत खिडकीपाशी गेले आणि घसा साफ करून म्हणाले, "ते खोकला लिहिलंय ना माझं, ते खोडा. दुसरंच आहे जरा. आत सांगतो."

सासूबाईंनी सुनेला कोपर मारलं.

"दोन लिही."